ओलं लाकूड म्हणे तडकतंच!

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात रायगडात आंबे-फणस आडवे झाले. "ओलं लाकूड तडकतंच, जळणाला द्या!" हे तेव्हाही ऐकलं, दर पावसाळ्यात शहरातही ऐकतो. साफ चूक. तडकतं ते आपल्या आळसाने. टोकांतून पाणी भराभर उडतं, म्हणून कापल्या दिवशीच तिथे मेण फासायचं. चकत्या तर पाडूच नका. केंद्राकडून सालीकडे लाकूड जेवढं आकसतं त्याच्या जवळजवळ दुप्पट वलयांच्या रेषेत, मग चकती फाटणारच. ओंडका मधोमध उभा चिरा, दहा इंची वाडग्याला इंचभर जाडी ठेवून ओलाच काता, सावलीत वाळवा. वाकडा होईल, होऊ दे की, पुन्हा कातता येतो. पण हे सांगायला कातारी पोचेपर्यंत करवतवाल्याने फूटफूटभर तुकडे पाडलेले असतात...