शरणपूरहून रबाईला

नाशिकच्या शरणपूर रोडवरून रोज जा-ये करणाऱ्यांतल्या किती जणांना ठाऊक असेल, की एकोणिसाव्या शतकात इथल्या मिशनच्या आश्रमात आफ्रिकी मुलं वाढत होती? गुलाम म्हणून विकायला गलबतांतून नेली जाणारी ही पोरं ब्रिटिश आरमाराने भर समुद्रात सोडवली, मुंबईला उतरवली आणि त्यांतली बरीचशी पुढे नाशिकला आली. रेव्हरंड विल्यम प्राइस यांच्या देखरेखीखाली ती लिहा-वाचायला शिकली, सुतारकाम-लोहारकाम शिकली. जेकब वेनराइट त्यांतलाच. डेव्हिड लिव्हिंग्स्टन १८७३ मध्ये आफ्रिकेच्या अंतर्भागात वारला, तेव्हा तिथल्या झाडावर त्याचं नाव कोरणारा आणि शवासोबत थेट लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीपर्यंत जाणारा हा आपल्या नाशिकचा विद्यार्थी.

आमच्या मंडळीने परदेशी मिशनसाठी केनियाचा किनारा निवडला तो या नात्यामुळे, असं मी सगळ्यांना सांगते. कमिटीत झालेली खरी चर्चा तिकिटाच्या दराची होती, आणि तिथल्या अँग्लिकन मंडळीचं आमंत्रणही हातात होतं. असो.

मोंबासा बेटासमोर, खाडीपलीकडे फ्रिअर टाउन आहे. मुंबईचे एकेकाळचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांचं नाव दिलेली ही मुक्त गुलामांची वसाहत. १८७५ मध्ये ती वसवली प्राइससाहेबांनीच, आणि नाशिकहून गेलेल्या आफ्रिकी माणसांच्या बळावर. गुलामांचे व्यापारी येताना दिसले की वाजवायची घंटा, असं जिच्याबद्दल सांगतात, ती अजून रस्त्याकडेला टांगलेली आहे. तिच्याभोवती आपल्या बजाजच्या रिक्षा दिवसभर कोकलत असतात.

आमचा मुक्काम तिथून आत, रबाईला. सकाळी चर्चच्या आवारात तपासणी, दुपारी शाळेत मुलांबरोबर. मला औषधातलं काही कळत नाही, म्हणून माझ्या हाती नोंदवही आली. नाव, वय, गाव, रक्तदाब, साखर, चष्म्याचा नंबर. एके दिवशी एका आजीचा रक्तदाब १९० भरला. गोळ्यांची पाकिटं हातात पडल्यावर तिने ती उलटसुलट करून पाहिली, बोटांवर काही हिशेब केला आणि तिथल्या नर्सबाईंना विचारलं, ‘या संपल्या की?’ डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले, मी वहीकडे. नर्सबाई काही न बोलता माझ्या वहीतून आजीचं नाव-गाव आपल्या जाडजूड रजिस्टरात उतरवू लागल्या. मंगळवारी सरकारी दवाखान्यात ये, म्हणाल्या. त्या दिवसापासून रोज संध्याकाळी आमचे पेशंट त्या आपल्या रजिस्टरात उतरवून घेत बसायच्या. आमच्या वहीत पुढच्या तारखेचा रकानाच नव्हता; अहवालाला लागतो तो एकूण आकडा तेवढा होता.

महिनाभराचं मिशन मुख्यतः जाणाऱ्याच्या भल्याचं असतं, हे माझं मत तिथे पक्कं झालं. आम्हाला पाणी उकळून द्यायला महिला मंडळाने पाळ्या लावल्या होत्या. पाहुणे इंडियाचे, म्हणून रोज रात्री आमच्यासाठी चपात्या होत. त्यांच्या घरी त्या सणासुदीच्या. दुभाषी म्हणून आलेले मास्तर आपले तास बुडवून येत. आम्ही कुणाची किती सेवा केली याचा ताळेबंद मांडायचा, तर हा सगळा खर्च आमच्या नावे पडेल.

याच रबाईत योहान्स रेबमान हा जर्मन मिशनरी १८४६ मध्ये आला आणि आफ्रिकेत २९ वर्षं राहिला. मध्ये एकदाही घरी गेला नाही. शेवटी डोळे गेले, तेव्हा परतला. बाप्तिस्मे मोजायचे तर हाताला फार काही लागलं नाही त्याच्या. नाशिकच्या आश्रमातला विल्यम जोन्स तर आणखी वेगळा. त्याला १८८५ मध्ये डीकनची दीक्षा मिळाली आणि त्याच वर्षी तो बिशप हॅनिंग्टनबरोबर युगांडाच्या वाटेला लागला. बिशप थोडी माणसं घेऊन पुढे गेले आणि मारले गेले. मागे ठेवलेला काफिला जोन्सने शेकडो मैल चालवत रबाईला परत आणला. पळून आलेल्या गुलामांना तिथे थारा मिळायचा, त्यातही त्याचा मोठा वाटा होता. आमच्यातल्या पोरांनी त्याचं नावही ऐकलेलं नव्हतं. निघण्याआधी दिलेल्या प्रशिक्षणात भर होता तो सनस्क्रीनवर आणि मलेरियाच्या गोळ्यांवर.

इथे काही स्नेही डोळे बारीक करून विचारतात, ‘तिकडे किती जणांना बाटवलंत?’ अहो, ज्या गावातल्या काही घराण्यांचे पूर्वज बायबल शिकले तेच मुळी नाशिकला, तिथे मी काय शुभवर्तमान सांगणार?

उलट, एका रविवारी मलाच तिथे घरच्यासारखं वाटलं. तीन तास उपासना झाली, मग ज्यांच्याकडे रोकड नव्हती त्यांनी अर्पण केलेल्या वस्तूंचा आवारात लिलाव सुरू झाला. अंडी, केळ्यांचा घड, पाय बांधलेली कोंबडी. आपल्या हंगामाच्या सणाला होतो तसाच, तीच थट्टा, तीच चढाओढ. आमच्या डॉक्टरांनी ईर्षेने कोंबडी घेतली आणि तिचं करायचं काय, म्हणून जिने दिली होती तिलाच परत केली. तिने ती लगेच दुसऱ्यांदा लिलावात मांडली. एवढा हशा त्या महिन्यात पुन्हा झाला नाही.

परतल्यावर कमिटीपुढे मी एक गोष्ट मांडली. पुढच्या वर्षी आपली माणसं पाठवण्याऐवजी त्या नर्सबाईंना आणि मास्तरांना इकडे बोलवू. शरणपूर पाहतील, आपल्या खेड्यांतल्या शिबिरात बसतील, आपलं कुठे चुकतं तेही सांगतील. उरलेल्या तिकिटांच्या पैशांत मोंबासातच रक्तदाबाच्या गोळ्या घेऊन देऊ. तरुण संघाचे चेहरे पडले. त्यांचे पासपोर्ट तयार आहेत. पाळकसाहेबांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. खजिनदारांनी मात्र जाता जाता गोळ्यांचा भाव विचारून घेतला.