‘नवी आहे, खाणारच’ म्हणण्याआधी

गिरणारेच्या द्राक्षबागांवर मजूर पोचवून वाघेरा घाटातून परतलेली गाडी हरसूलच्या गॅरेजपुढे उभी राहते. कर्ज काढून घेतलेली, जेमतेम तीन हजार किलोमीटर चाललेली. डिपस्टिकवर ऑइल खालच्या खुणेला टेकलेले. मालक विचारतो, “ऑइल गेलं कुठं?” आपल्या मेकॅनिकांतला एक जण म्हणतो, “नवी आहे, खाणारच.” दुसरा म्हणतो, “इंजिन गेलं.” दोघांनीही काहीच मोजलेले नसते.

नवे इंजिन थोडे ऑइल खाते, हे खरे. सिलिंडरच्या भिंतीवर हॉनिंगच्या तिरप्या रेघा असतात. त्यांवर घासून रिंगा बसेपर्यंत थोडे ऑइल वर जाऊन जळते. रिंगा बसायला कमीजास्त भार लागतो. गाडी बाजारात तासन्‌तास नुसती चालू ठेवली, तर भिंत गुळगुळीत होते आणि रिंगा नीट बसत नाहीत. पेट्रोल गाडी गिअरमध्ये घाट उतरते तेव्हा इंजिनातली ओढ ऑइल वर खेचते. उतारानंतर अॅक्सिलरेटर दाबताच निळा धूर आला, तर व्हॉल्व्ह सील आणि गाइड आधी पाहावेत. डिझेलमध्ये टर्बोचे सील आणि इंटरकूलरचा पाइप तपासावा. ‘फुल’ खुणेच्या वर ऑइल भरले असेल, तर जादा ऑइल ब्रीदरमधूनही ओढले जाते.

म्हणून आधी माप. बाहेरून गळती नाही ना, ते बघा. गाडी सपाट जागी लावा, इंजिन बंद करून पुस्तिकेत सांगितलेला वेळ थांबा, ऑइल ‘फुल’ खुणेपर्यंत आणा आणि किलोमीटर लिहा. हजार किलोमीटरनंतर तशाच स्थितीत, मापाच्या भांड्याने पुन्हा खुणेपर्यंत भरा. किती मिली लागले, ते पुस्तिकेतल्या मर्यादेशी ताडा. शंभर-सव्वाशे सीसीच्या दुचाकीत एकूण ऑइलच साधारण एक लिटर. तिथे दोनशे मिली कमी होणे म्हणजे पाचवा हिस्सा गेला.

बीएस-६ डिझेलमध्ये आणखी एक फसगत आहे. छोट्या फेऱ्यांमुळे धुराच्या नळीतल्या फिल्टरमधली काजळी पूर्ण जळत नाही, ती जाळण्याच्या खटपटीत डिझेल ऑइलमध्ये उतरते आणि पातळी वाढते. अशा वेळी डिपस्टिक भरलेली दिसते, पण ऑइल पातळ झालेले असते. ते वास घेऊन, बोटावर चोळून पाहा. शंका आली तर बदला. टॉप-अपलाही पुस्तिकेतल्याच दर्जाचे, कमी राखेचे ऑइल घाला. चुकीच्या ऑइलची राख फिल्टरमध्ये साचते आणि ती जळून जात नाही.

हरसूलच्या माणसाला वॉरंटीच्या कामासाठी नाशिकला जायचे म्हणजे दिवस मोडतो, रोज बुडतो. तिथे “ऑइल खाते” एवढेच सांगितले, तर त्याला “सगळ्याच खातात” असे ऐकून परतावे लागते. त्याच्या हातात तारीख, किलोमीटर आणि मिली लिहिलेला, आपल्या सहीचा कागद असेल, तर समोरच्याला त्या आकड्यांचे उत्तर द्यावे लागेल. वॉरंटीतले इंजिन आपण उघडायचे नाही. पण हा कागद लिहून देणे आपल्या हातात आहे. या महिन्यापासून प्रत्येक गॅरेजमध्ये त्यासाठी एक वही असावी.