नळीची लांबी आणि परवान्याचा कागद

अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका स्नेह्यांनी अलीकडे आपली अर्धस्वयंचलित बाराबोरी बंदूक मोठ्या कौतुकाने मला दाखविली. घराच्या रक्षणासाठी आखूड नळी, बदकांच्या शिकारीसाठी लांब नळी, छर्‍यांचा फैलाव कमीअधिक करणारे निरनिराळे चोक, खांद्यापाशी धक्का सोसणारी रबरी गादी. हे सारे दुकानातून आणून त्यांनी घरीच बसविले होते. बंधने तेथेही आहेत. १९३४ च्या कायद्यान्वये अठरा इंचांहून आखूड नळीच्या बंदुकीची संघीय नोंदणी करावी लागते, आणि स्थलांतरित पक्ष्यांच्या शिकारीत बंदुकीत तीनहून अधिक काडतुसे मावता कामा नयेत. मात्र हे आकडे स्नेह्यांना तोंडपाठ होते. "तुमच्याकडे काय नियम आहेत?" असे त्यांनी विचारले, तेव्हा मला मध्य प्रदेशातील एक प्रकरण आठवले.

आपल्याकडे अर्धस्वयंचलित बंदूक प्रतिबंधित वर्गात मोडते. तिचा परवाना जिल्हाधिकारी देऊ शकत नाही. शिकारीचा दरवाजा १९७२ च्या वन्यजीव कायद्याने आणि त्यातील पुढील दुरुस्त्यांनी जवळजवळ बंदच केला. उरते ती साधी एकनळी किंवा दुनळी. बंदूक आपल्या सोयीची करून घेण्याचा मोह मात्र तिच्याही मालकाला होतोच.

निवडणुकीपूर्वी ठाण्यात शस्त्रे जमा होत होती. सत्तरीतील एका शेतकर्‍याच्या एकनळीला ठाणेदाराने पट्टी लावली, तो नळी अठरा इंच भरली. रात्री मळ्यातील खोलीतून बाहेर पडताना लांब नळी चौकटीला अडते, म्हणून त्याने ती गावच्या लोहाराकडून कापून घेतली होती. "साहब, बंदूक मेरी, लाइसेंस मेरा, फिर कसूर क्या?" हा त्याचा प्रश्न भाबडा होता, खोटा नव्हता. नळी वीस इंचांखाली गेली की साधी बंदूकही प्रतिबंधित वर्गात जाते, आणि अनुज्ञप्तीवाचून नळी आखूड करणे हा शस्त्र अधिनियमाच्या कलम ६ चा भंग ठरतो. त्या वेळी त्यास किमान तीन वर्षांची कैद होती. २०१९ च्या दुरुस्तीनंतर ती सात वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत गेली आहे. त्यातून लोहारही सुटत नाही.

कायदा चुकीचा आहे असे मी म्हणणार नाही. आखूड नळी घोंगडीखाली लपते, आणि असे शस्त्र कोणाच्या हाती पडेल याचा भरवसा नसतो. पण परवाना देताना आपण अर्जदाराचे चारित्र्य तपासले, पोलिसांचा अहवाल मागविला, जमिनीचे कागद पाहिले. बंदुकीला काय करावयाचे नाही, हे त्याला कोणी सांगितले? अटी परवान्यावर छापलेल्या होत्या, त्याही बारीक इंग्रजीत. आणि मालक अंगठा उठविणारा.

२०१६ च्या नियमांनी प्रशिक्षणाची तरतूद केली, हे चांगले झाले. परंतु जुन्या परवानाधारकांना नूतनीकरणाच्या वेळी त्यांच्या भाषेतील एक पानही मिळत नसेल, तर त्या तरतुदीचा त्यांना काय उपयोग? दस्त्याला रबर लावणे आणि नळीला करवत लावणे यांतील अंतर त्या पानावर ठळक अक्षरांत असावे. नळीही त्याच वेळी मोजून घ्यावी. त्यासाठी नव्या यंत्रणेची गरज नाही, कार्यालयातली फूटपट्टी पुरे.

त्या शेतकर्‍याचा परवाना निलंबित करणार्‍या आदेशावर सही माझीच होती. सहीपूर्वी मी नोंदवही मागविली. तीत बंदुकीचा क्रमांक होता, बोअर होता, कारखान्याचे नावही होते. नळीच्या लांबीसाठी रकानाच नव्हता.