पडद्याखालच्या दोन ओळी

चित्रपटातले किंवा टीव्हीवरचे बोलणे, आवाज आणि संगीत प्रेक्षकाला हवे तेव्हा अक्षरांत दिसावे आणि नको तेव्हा दडून राहावे, या सोयीला क्लोज्ड कॅप्शन म्हणतात. रिमोटवरचे ‘सीसी’ हे बटण तिचेच. आपल्याकडे यालाही सरसकट सबटायटल म्हणतात, पण दोन्हींचे वाचक वेगळे. सबटायटल वाचणाऱ्याला आवाज ऐकू येतो, भाषा तेवढी कळत नाही, असे गृहीत असते. म्हणून त्यात संवादांचा अनुवाद पुरतो. कॅप्शन वाचणाऱ्याला कदाचित काहीच ऐकू येत नाही. त्याच्यासाठी दारावरची थाप, माजघरातून आलेली हाक आणि मध्येच थांबलेला पंखाही लिहावा लागतो.

मूकपटांच्या काळात कर्णबधिर प्रेक्षक इतरांच्याच पंगतीला बसत असे. १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’ कथेच्या पाट्या दाखवत पुढे सरके, आणि त्या पाट्या सगळ्यांनाच वाचाव्या लागत. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आला, पुढच्याच वर्षी ‘अयोध्येचा राजा’. पडदा बोलू लागला, पाट्या गेल्या आणि पाट्यांवर विसंबलेला प्रेक्षक बाहेर राहिला. बोलपटाच्या आगमनाचे गोडवे गाताना या माणसांची आठवण सहसा कोणी काढत नाही. अमेरिकेतही तेच झाले. तिथल्या मूकपटांत कामे केलेल्या एमर्सन रोमेरो या कर्णबधिर नटाने १९४७ च्या सुमारास जुने बोलपट मिळवून त्यांच्या रिळांत पुन्हा पाट्या जोडायला सुरुवात केली. १९५८ मध्ये अमेरिकन सरकारने कायदा करून कॅप्शन घातलेले चित्रपट कर्णबधिरांना उसने देण्याची व्यवस्था उभी केली.

टीव्हीचा प्रश्न अधिक अवघड होता. १९७२ मध्ये बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच केंद्राने ज्युलिया चाइल्ड यांचा ‘द फ्रेंच शेफ’ हा पाककृतींचा कार्यक्रम अक्षरांसह दाखवला. ही अक्षरे चित्रातच छापलेली, म्हणजे खुली होती. ती घराघरांत दिसली. ऐकू येणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांना ती खुपतील, ही वाहिन्यांची धास्ती होती. मग अक्षरे पाठवायची, पण झाकून पाठवायची, असा मार्ग निघाला. ‘क्लोज्ड’ हा शब्द आला तो या झाकण्यातून. सोय एकाची आणि ती झाकण्याची काळजी दुसऱ्यासाठी, हा विरोधाभास नावातच राहून गेला आहे.

अक्षरे दडवण्याची जागाही मोठी मजेशीर सापडली. जुन्या टीव्हीत चित्र आडव्या रेघांनी रंगवले जाई. एक फेरी संपली की त्या रेघा काढणाऱ्या किरणाला तळापासून पुन्हा माथ्यावर जावे लागे आणि तेवढ्या वेळातल्या काही रेघा कोऱ्याच जात. त्यांपैकी एकविसावी रेघ अमेरिकेच्या दळणवळण आयोगाने १९७६ मध्ये कॅप्शनसाठी राखून ठेवली. तिच्यातून सेकंदाला सुमारे ६० चिन्हे जाऊ शकत आणि पडद्यावरच्या एका ओळीत ३२ अक्षरे मावत. १६ मार्च १९८० पासून नियमित प्रक्षेपण सुरू झाले. मात्र ती अक्षरे उलगडणारा वेगळा डबा घ्यावा लागे आणि त्याची किंमत सुमारे अडीचशे डॉलर होती. डबे अपेक्षेइतके खपले नाहीत. डबे कमी म्हणून वाहिन्या कॅप्शन वाढवीनात, कॅप्शन कमी म्हणून लोक डबे घेईनात. हा गुंता १९९० च्या कायद्याने सोडवला. जुलै १९९३ पासून १३ इंच किंवा त्याहून मोठ्या प्रत्येक टीव्ही संचात ही उलगडणारी चिप बसवणे बंधनकारक झाले. त्यानंतर गोंगाटाच्या बारमध्ये आणि निजलेल्या बाळाशेजारीही लोक कॅप्शन वाचू लागले. ज्यांना ती खुपतील असे वाटले होते, तेच हे लोक.

तयार कार्यक्रमाला कॅप्शन लावायला सवड मिळते. थेट प्रक्षेपणात ती नसते. अमेरिकेत १९८२ पासून न्यायालयातल्या लघुलेखकांची कला या कामी आली. त्यांच्या स्टेनो यंत्रावर अनेक कळा एकदम दाबून एका फटक्यात एक उच्चार उमटवता येतो. कसलेला लघुलेखक मिनिटाला २२५ हून अधिक शब्द टिपतो. दुसरी पद्धत ब्रिटनमध्ये रुजली. तिथे एक माणूस कानाला हेडफोन लावून ऐकलेले वाक्य सपाट आवाजात, ‘स्वल्पविराम’, ‘प्रश्नचिन्ह’ असे उच्चारत पुन्हा म्हणतो आणि संगणक ते लिहून घेतो. दोन्ही पद्धतींत अक्षरे आवाजाच्या काही सेकंद मागे चालतात.

इंटरनेटवरच्या व्हिडिओंनी जुने भांडण नव्याने उभे केले, कारण टीव्हीचे नियम त्यांना आपोआप लागू होत नव्हते. अमेरिकेतल्या कर्णबधिरांच्या राष्ट्रीय संघटनेने नेटफ्लिक्सला न्यायालयात खेचले. २०१२ च्या तडजोडीत २०१४ पर्यंत सगळ्या कार्यक्रमांना कॅप्शन देण्याचे ठरले. यूट्यूबवर २००९ पासून यंत्राने केलेली कॅप्शन दिसू लागली. ध्वनी स्वच्छ असेल तर ती बरी असतात; चार माणसे एकदम बोलू लागली की विनोदी होतात.

भारतात एकविसाव्या रेघेची पद्धत कधी आलीच नाही. इथली टीव्ही प्रणाली वेगळी होती, आणि ती रेघ रोमन लिपीसाठी बेतलेली असल्याने देवनागरीला तिच्यात जागाही नव्हती. इथे अक्षरे पडद्यावर आली ती दुसऱ्याच वाटेने. अहमदाबादच्या आयआयएममधील ब्रिज कोठारी यांनी १९९६ मध्ये समभाषी सबटायटलची कल्पना मांडली. हिंदी गाण्याखाली हिंदीतच शब्द, आणि गायले जाईल तसा त्यांचा रंग बदलत जाणार. पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’मध्ये ती दिसली. हेतू होता नवसाक्षरांच्या वाचनाचा सराव. पण कर्णबधिरांनाही गाण्याचे बोल त्यामुळे कळू लागले.

२०११ च्या जनगणनेनुसार श्रवणदोष असलेल्यांची संख्या सुमारे ५० लाख आहे. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात क्लोज्ड कॅप्शनचा स्पष्ट उल्लेख आला. जानेवारी २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘पठाण’ या चित्रपटाच्या ओटीटी आवृत्तीसाठी कॅप्शन आणि श्राव्य वर्णन तयार करण्याचे आदेश दिले. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने चित्रपटगृहांसाठीही मार्गदर्शक सूचना काढल्या.

चांगले कॅप्शन लिहिणे मात्र कायद्याने येत नाही. कंसात नुसते ‘संगीत’ लिहिणे म्हणजे हात झटकणे. सनई वाजते आहे की हलगी, यावर मांडव की मिरवणूक हे ठरते. अंधारातल्या माणसाचे नाव कॅप्शनमध्ये आधीच आले तर रहस्यपट तिथेच संपतो; तिथे ‘पुरुषाचा आवाज’ एवढेच हवे. विनोदाची शेवटची ओळ नटाच्या तोंडून येण्याआधी वाचली गेली तर हशा वाया जातो. मराठीला आवाजांच्या शब्दांची वाण नाही. दार धाडकन आपटते किंवा करकरत उघडते, पाऊस रिपरिपतो किंवा कोसळतो, आणि लिहिणाऱ्याने यातला नेमका शब्द निवडायचा असतो. पात्र मालवणी किंवा वऱ्हाडी बोलत असेल तर ओळ प्रमाण मराठीत ‘सुधारून’ लिहिणे ही चूक धरली पाहिजे. ऐकणाऱ्याला जे ऐकू आले तेच वाचणाऱ्याला मिळायला हवे.

ओळीच्या लांबीची मापे इंग्रजीवरून आलेली आहेत, हीही एक अडचण. ‘स्त्री’ हे वाचणाऱ्याच्या डोळ्याला एक अक्षर. संगणक त्यात सहा चिन्हे मोजतो. जोडाक्षरांनी भरलेली आटोपशीर मराठी ओळ त्यामुळे यंत्राला लांबलचक वाटते. शिवाय मात्रा-वेलांट्या वर आणि उकार खाली जात असल्याने दोन ओळींत रोमनपेक्षा जास्त अंतर सोडावे लागते. ते सोडले नाही, तर वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या वेलांटीत अडकतो.