आरमाराचें मूळ अरण्यांत

समुद्रावरील सत्तेचा विषय निघाला म्हणजे आमच्या लोकांची दृष्टि कुलाबा, विजयदुर्ग, मुंबई यांकडे जाते. ती गडचिरोली जिल्ह्यांतील एटापल्ली तालुक्याकडे कधींच वळत नाहीं. परंतु तेथील सूरजागडच्या डोंगरांतून आज जें लोहखनिज निघत आहे, त्याचा आरमाराच्या प्रश्नाशीं संबंध वाटतो तितका दूरचा नाहीं. जहाज पाण्यावर तरंगतें खरें, पण तें जन्मास येतें जमिनीवर.

आमचा इतिहासच पाहा. शिवछत्रपतींनीं १६५७ सालीं कल्याण-भिवंडी घेतल्यावर आरमाराची उभारणी आरंभिली व १६६४ त सिंधुदुर्गाचा पाया घातला. कान्होजी आंग्र्यांनीं तें बळ इतकें वाढविलें कीं, १७२१ सालीं इंग्रज व पोर्तुगीज मिळून कुलाब्यावर चालून आले, तरी त्यांस हात हालवीत परत जावें लागलें. १७२९ त कान्होजी वारले, मुलांत भाऊबंदकी माजली, आणि १७५६ च्या फेब्रुवारींत विजयदुर्गाच्या बंदरांत तुळाजी आंग्र्यांचीं जहाजें जळून खाक झालीं. तोफा इंग्रजांच्या होत्या. पण त्यांस साह्य पेशव्यांचें होतें! घरांत दुही असली म्हणजे किनाऱ्यावरचे तट कितीही मजबूत असोत, ते व्यर्थ होत. अमेरिकन आरमारी अधिकारी माहान यानें १८९० सालच्या आपल्या ग्रंथांत समुद्रसत्तेचीं जीं अंगें सांगितलीं, त्यांत किनाऱ्याबरोबर लोकांची संख्या, त्यांचा स्वभाव व सरकारचें धोरण हींही आहेत, तीं याच कारणासाठीं.

आज लांकडाची जागा पोलादानें घेतली आहे. २ सप्टेंबर २०२२ रोजीं कोची येथें नौदलांत दाखल झालेल्या ‘विक्रांत’ या विमानवाहू नौकेस सुमारें ३०,००० टन देशी पोलाद लागलें. सूरजागडचें खनिज त्यांत होतें असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ज्या राष्ट्रास आपलीं जहाजें आपण बांधावयाचीं आहेत, त्यास असे डोंगर लागणारच. प्रश्न आहे तो ते कोणत्या रीतीनें खोदावे हा.

कोणी म्हणतील कीं, राष्ट्राच्या संरक्षणापुढें चार गांवांचें गाऱ्हाणें कोठवर ऐकावयाचें? यास उत्तर रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत आहे. आरमारास लांकूड हवें. परंतु आंबे-फणस रयतेनें लेंकरांप्रमाणें वाढविलेले असतात, त्यांस हात लावूं नये. एखादें झाड जीर्ण झालें असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन घ्यावें. जुलूम करूं नये, असा त्याचा आशय आहे. तेव्हां शत्रु दाराशीं होता, तरीही ही मर्यादा पाळावयाची होती.

सूरजागडचा डोंगर माडिया लोकांस ठाकुरदेवाचें स्थान आहे. १९९६ च्या पेसा कायद्यानें व २००६ च्या वनहक्क कायद्यानें तेथील ग्रामसभांस आपल्या जंगलाविषयीं बोलण्याचा अधिकार दिला आहे. असें असतां खाणीच्या विस्ताराची २०२२ सालची जनसुनावणी डोंगराच्या पायथ्याशीं न होतां दूर गडचिरोलीस व्हावी, यांत न्याय कोणता? डिसेंबर २०१६ त माओवाद्यांनीं तेथें मालमोटारी जाळल्या, त्याचें समर्थन कोणीही शहाणा मनुष्य करणार नाहीं. जाळपोळीनें माडियांचा एकही हक्क सिद्ध झाला नाहीं. परंतु बंदुकीच्या पहाऱ्यास संमति म्हणणें हीही तितकीच मोठी चूक होय.

खाणीमुळें रोजगार व व्यापार वाढतो, हें आमच्या व्यापारी बंधूंस सांगावयास नको. आमचें म्हणणें इतकेंच कीं, सुनावणी गांवांत व गांवच्या भाषेंत व्हावी, आणि खनिजाच्या उत्पन्नाचा हिशेब प्रथम त्याच गांवांस मिळावा. धन्यास राजी न करतां आणलेलें लांकूड आज्ञापत्रास मान्य नव्हतें. तसें आणलेलें लोखंड आम्हांस कां मान्य व्हावें?