किल्ल्यावरची गवळण आणि वॉटर्लूचे प्रशियन

आजचा थ्रेड नेहमीपेक्षा लांब आहे, आणि त्याची सुरुवात माझ्याच एका चुकीपासून होते.

गेल्या दिवाळीत आमच्या भागातल्या किल्ले स्पर्धेला मला परीक्षक म्हणून बोलावले होते. इतिहासात एम.ए. करणारी मुलगी, एवढीच माझी पात्रता. हातात गुणांचा तक्ता, आणि त्यात सर्वांत मोठा रकाना ‘ऐतिहासिक अचूकता’ या नावाचा. अखेरीस दोन किल्ले उरले. पहिला होता महाविद्यालयीन तरुणांनी केलेला रायगड. ड्रोनने टिपलेल्या छायाचित्रांवरून त्यांनी एकेक चौथरा मापात कापला होता. बाजारपेठेच्या जोत्यांच्या दोन्ही रांगा, गंगासागर, मनोरे, नगारखाना, सारे जागच्या जागी. दुसरा किल्ला शाळेतल्या तीन मुलांचा. त्याला नाव नव्हते. दगडविटा, गोणपाट आणि लाल माती. मध्ये पाण्याच्या टाक्याच्या जागी पुरलेला डबा. बुरुजाएवढी उंच गवळण, तिच्याशेजारी भाजीवाली, आणि मांडीवर चोपडी घेतलेला एक वाणी.

मी विचारले, “किल्ल्यावर भाजीवाली कुठून आली?” त्यातली सर्वांत लहान मुलगी म्हणाली, “मग मावळे जेवणार काय?” सगळे हसले. मीही हसले आणि अचूकतेचे दहा गुण कापले. पहिले बक्षीस अर्थातच रायगडाला गेले.

तो निर्णय चुकीचा होता, हे मला काही महिन्यांनी कळले, आणि तेही एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नादी लागल्यामुळे. विल्यम सायबॉर्न हे त्याचे नाव. लढाईची लघुप्रतिकृती करताना अचूकतेचा ध्यास माणसाला कुठवर नेतो, याचे त्याच्याइतके बोलके उदाहरण मला दुसरे सापडलेले नाही.

१८ जून १८१५ रोजी वॉटर्लूची लढाई झाली, तेव्हा सायबॉर्न रणांगणावर नव्हता. पुढे १८३० मध्ये या लढाईची भव्य प्रतिकृती तयार करण्याचे काम त्याच्याकडे आले. ला हे सँत ही शेतवाडी लढाईच्या ऐन केंद्रस्थानी होती. तिथे मुक्काम ठोकून त्याने सुमारे आठ महिने जमिनीचा उंचसखलपणा मोजला. पण इथेच पहिली मेख होती. मधल्या काळात, १८२० ते १८२६ या वर्षांत, त्या मैदानावर सिंहाचा पुतळा असलेली एक प्रचंड टेकडी उभारण्यात आली होती, आणि तिच्यासाठी लागणारी माती वेलिंग्टनचे सैन्य ज्या उंचवट्यावर उभे होते त्याच उंचवट्यावरून खणून नेली होती. म्हणजे स्मारकाच्या हौसेने जे रणांगण आधीच खरवडून काढले होते, त्यावर सायबॉर्न साखळी धरून मोजणी करीत होता. (आपल्याकडच्या स्मारकांविषयी मी इथे काही बोलत नाही.)

जमिनीनंतर माणसे. लढाईत वाचलेल्या अधिकाऱ्यांना त्याने प्रश्नावली धाडली. संध्याकाळी सातच्या सुमारास, म्हणजे नेपोलियनच्या शाही रक्षकदलाने अखेरचा हल्ला चढवला त्या वेळी, तुमची तुकडी नेमकी कुठे होती? समोरचा शत्रू कोणत्या रचनेत होता? शेतांतल्या पिकांची स्थिती काय होती? शेकडो उत्तरे आली. एखाद्या लढाईबद्दल इतक्या सहभागी अधिकाऱ्यांच्या साक्षी अशा पद्धतशीरपणे गोळा करण्याचा प्रयत्न तोवर क्वचितच कोणी केला असेल. आणि आलेल्या साक्षी एकमेकींशी जुळेनात. रक्षकदलाला परतवले कोणी? पहिली फूट गार्ड्स म्हणे आम्ही, बावन्नावी पलटण म्हणे आम्ही. पंधरा-वीस वर्षांत आठवणींवर रेजिमेंटच्या अभिमानाचे पूट चढले होते.

प्रमाणाचाही प्रश्न होता. एका मैलाला नऊ फूट हे त्याने धरलेले माप, म्हणजे साधारण १:५८७. या मापाने माणूस जेमतेम तीन मिलिमीटरचा होतो. तेवढा माणूस काचेपलीकडून दिसणार कसा? म्हणून त्याच्या टिन-शिशाच्या आकृती सुमारे दहा मिलिमीटरच्या, जमिनीच्या मानाने तिपटीहून मोठ्या. मोठा माणूस जागाही जास्त घेतो, म्हणून एका आकृतीने साधारण दोन सैनिकांचे काम भागवायचे. अशा सत्तर हजारांहून अधिक आकृती त्याने मांडल्या. हे वाचताना मला ती बुरुजाएवढी गवळण आठवली आणि पुस्तक मिटून थोडा वेळ गप्प बसावे लागले. जगातली बहुधा सर्वाधिक कष्टाने मोजून केलेली प्रतिकृती, आणि तिच्यातही माणूस मापात नाही!

खरे रण पेटले ते प्रशियनांवरून. वॉटर्लूचा विजय एकट्या वेलिंग्टनचा नव्हता. ब्लूखरच्या प्रशियन फौजा दुपारनंतर नेपोलियनच्या उजव्या बगलेवर येऊन भिडल्या होत्या आणि प्लांसन्वा या गावासाठी घनघोर झुंज चालू होती. सायबॉर्नने प्रशियनांकडूनही माहिती मागवली आणि त्यांना मोठ्या संख्येने मैदानावर मांडले. ब्रिटिश लष्करी वर्तुळाला हे रुचले नाही. संध्याकाळी सात वाजता प्रशियन इतके पुढे आणि इतके संख्येने होते असे दाखवले, तर शाही रक्षकदलाचा पराभव हे निखळ ब्रिटिश कर्तृत्व उरत नाही. अखेर सायबॉर्नने हजारो प्रशियन आकृती काढून टाकल्या. त्यामागे वेलिंग्टनचा हात कितपत होता, यावर अभ्यासकांत आजही वाद आहे. सरकारने तर निधी १८३३ मध्येच थांबवला होता. १८३८ साली लंडनच्या इजिप्शियन हॉलमध्ये प्रदर्शन भरले, लोकांनी गर्दी केली, तरी सायबॉर्न कर्जातच राहिला. १८४९ मध्ये तो वारला. ती प्रतिकृती आज लंडनच्या नॅशनल आर्मी म्युझियममध्ये पाहायला मिळते.

आता वेलिंग्टनची बाजू, कारण ती लबाड असली तरी हुशार आहे. हा वेलिंग्टन म्हणजे २३ सप्टेंबर १८०३ रोजी आपल्या जालना भागातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढलेला आर्थर वेलस्लीच. त्याचा आक्षेप थोडक्यात असा होता : प्रतिकृती लढाईचा एकच क्षण दाखवू शकते, ही मात्र अवघी लढाई एकदम दाखवू पाहते, आणि प्रत्येक तुकडी तिला स्वतःला जिथे उभे राहायला आवडले असते तिथे उभी आहे. त्याचा यात स्वार्थ होता, हे उघड आहे. पण मुद्दा बिनतोड आहे. लघुप्रतिकृतीत काळ गोठलेला असतो. कोणता काळ गोठवला हे ठरवले नाही, तर बाकीची सगळी मापे व्यर्थ.

हा मुद्दा घेऊन मी त्या बक्षीसपात्र रायगडाचे फोटो पुन्हा उघडले. सिंहासनावर महाराज बसले आहेत, म्हणजे काळ ६ जून १६७४ किंवा त्यानंतरचा. जगदीश्वराच्या देवळासमोर महाराजांची समाधी आहे, म्हणजे काळ १६८० नंतरचा. राजवाड्याला छप्पर नाही, बाजारपेठेची नुसती जोती उरली आहेत. १८१८ च्या मे महिन्यात इंग्रजांनी पोटल्याच्या डोंगरावरून तोफा डागल्या, गडावर आगी लागल्या, लाकडी बांधकाम जळून गेले; हे उघडे चौथरे त्यानंतरचे. आणि एका कड्याला दोरा बांधून सोडलेला रोपवे, तो तर आमच्या पिढीचा! आपल्याच समाधीसमोर, जळालेल्या राजवाड्यात महाराज दरबार भरवून बसले होते, आणि मी त्या दृश्याला अचूकतेचे जवळजवळ पैकीच्या पैकी गुण दिले होते. ज्याला मी अचूकता समजत होते ती आजच्या अवशेषांच्या छायाचित्राशी असलेली निष्ठा होती. सतराव्या शतकाशी तिचा संबंध नव्हता.

तटांवरच्या हिरवळीचे तसेच. हळीव-मोहरी पेरून तटबंदी हिरवीगार करण्याची आपली पद्धत गोड आहे. पण रामचंद्रपंत अमात्यांचे आज्ञापत्र उघडा. तटावर, दगडांच्या सांध्यांत वाढणारी झाडे आणि गवत वेळोवेळी काढून गड स्वच्छ ठेवावा, असा त्यात स्पष्ट दंडक आहे. हिरवा तट हे बेवारस तटाचे चित्र आहे. तेच आज्ञापत्र सांगते की किल्ला बांधण्याआधी पाणी पाहावे. त्या तीन मुलांनी, आज्ञापत्राचे नावही न ऐकता, आधी डबा पुरला होता आणि मग भोवती तट घातला होता.

आणि तो चोपडीवाला वाणी? सभासद बखरीत गडाच्या व्यवस्थेचे वर्णन आहे : एकट्या हवालदाराच्या हाती किल्ला न ठेवता हवालदार, सरनोबत आणि सबनीस असे अधिकारी बरोबरीने नेमायचे, आणि सामानसुमानाला कारखानीस. म्हणजे किल्ला जितका तलवारीवर चालत होता, तितकाच जमाखर्चावर. दिवाळीच्या बाजारात मातीचा कारखानीस मिळत नाही. मुलांना वाणी मिळाला, त्यांनी तो बसवला. गडावरची माणसे खात होती, दूध पीत होती, त्यांना लाकूडफाटा लागत होता, आणि हे सारे पुरवणारी वस्ती गडावर आणि घेऱ्यात नांदत होती. तिथून भाजीवालीला मी हुसकून लावले. सायबॉर्नला प्रशियन निदान दबावाखाली काढावे लागले. माझ्यावर कोणाचा दबाव होता?

याचा अर्थ काहीही चालते, असा नाही. त्या भाजीवालीच्या टोपलीत लालभडक टोमॅटो होते, आणि टोमॅटो आपल्या मंडईत रुळले ते फार नंतर, इंग्रजी अमदानीत. तिथे दोन गुण कापायला माझी आजही हरकत नाही. पण आपल्या समाजमाध्यमांवर दर दिवाळीला जे रण माजते ते पाहा. मावळ्याच्या पागोट्याचा रंग हाच का, अंगरख्याची बाराबंदी अशीच का, यावर शिवीगाळ. मावळ्यांना गणवेश नव्हता. एका साच्यातून काढून एकाच रंगात बुडवलेली शंभर माणसे ही कारखान्याची सोय आहे. पागोट्यावरून भांडणारा माणूस, या किल्ल्यावर कोण आहे आणि कोण नाही, हे मात्र कधी विचारत नाही. मला ही अचूकतेची सर्वांत आळशी जात वाटते.

सायबॉर्नच्या कामातला सर्वांत टिकाऊ भाग कोणता ठरला, ठाऊक आहे? त्याला आलेली पत्रे. त्याच्या मुलाने १८९१ मध्ये त्यांतली निवडक पत्रे छापली, आणि काचेखालची लढाई कुठे बरोबर, कुठे वाकवलेली, हे लोकांना ताडून पाहता येऊ लागले. म्हणून यंदा मी मंडळाला सुचवले की प्रत्येक किल्ल्यापुढे एक पुठ्ठा लावायचा. त्यावर तीन गोष्टी : हा किल्ला कोणत्या साली आहे, हे कशावरून केले, आणि काय मुद्दाम बदलले. मंडळाचे म्हणणे, तक्ते छापून झाले आहेत, पुढच्या वर्षी पाहू. ठीक आहे.

त्या तीन मुलांना मात्र मी भेटून आले आणि कापलेल्या दहांपैकी आठ गुण तोंडी परत केले. त्यांनी पुठ्ठा आत्ताच करून ठेवला आहे. यंदा रायगड, साल १६७४, सगळ्या घरांना छपरे. टोमॅटोंवर हिरवा रंग देऊन त्यांची वांगी केली आहेत. गवळण तेवढीच उंच राहणार, कारण त्याहून लहान बाजारात मिळत नाही. तसे पुठ्ठ्यावर लिहिले आहे.