दोर कशाला बांधला होता?

मंडळी, गेली वीस वर्षं मी एकच बातमी लिहीत आलोय. "इमारतीला रंग देताना तोल जाऊन कामगाराचा मृत्यू." पोलीस अकस्मात मृत्यूची नोंद करतात, आम्ही ती दोन ओळींत छापतो. तोल गेला म्हणजे चूक मेलेल्याचीच. दोर कशाला बांधला होता, हे मी एकदाही विचारलं नाही.

गेल्या महिन्यात आमच्याच सोसायटीचं रंगकाम निघालं. सात मजले. दोन कोटेशनं आली, एक परांचीचं, एक झुल्याचं. झुलावाला बराच स्वस्त. मीटिंगमध्ये दहा मिनिटांत ठरलं. हात वर करणाऱ्यांत मीही होतो.

तिसऱ्या दिवशी टाकी बघायला गच्चीवर गेलो, तर दोराचं टोक टाकीच्या गंजक्या पाइपाला गुंडाळलेलं. कठड्यावर दोर घासू नये म्हणून सिमेंटचं रिकामं पोतं. वाकून बघितलं तर पाचव्या मजल्यासमोर फळीवर बसलेला पोरगा. कमरेला बेल्ट होता हो, पण त्याचा हूक त्याच दोरात! म्हणजे दोर सुटला की बेल्टसकट खाली.

ठेकेदाराला झापलं. तो शांतपणे म्हणाला, "साहेब, तुमच्या गच्चीत बांधायला दुसरं आहे काय?"

खरंच नव्हतं. बिल्डरने समोरून काच लावली, जाळ्या लावल्या, ब्रोशरमध्ये 'एलिव्हेशन' म्हणून मिरवलं. ती काच कधीतरी कुणीतरी बाहेरून लटकून पुसणार, हे नकाशा काढणाऱ्याला सुचलंच नाही. स्लॅब टाकतानाच सळईत बांधून चार मजबूत हूक सोडले असते, तर इमारतीच्या खर्चात ते दिसलेही नसते.

साधा नियम आहे. दोर दोन हवेत, दोन वेगळ्या जागी बांधलेले. एकावर माणूस बसतो, दुसरा फक्त जीव वाचवायला. हार्नेस त्या दुसऱ्याला अडकवायचा, आणि तोही छाती-मांड्या धरणारा, नुसता कमरपट्टा नाही.

१९९६ च्या बांधकाम कामगार कायद्याने दुरुस्ती-देखभालही त्यात धरली, पण किमान दहा कामगारांची अट घातली. आमच्याकडे चौघं! आगीच्या यंत्रणेचं प्रमाणपत्र दर जानेवारी-जुलैला द्यावं लागतं. गच्चीतल्या दोराबद्दल मात्र आम्हाला आजवर कुणी विचारलेलं नाही. माझं म्हणणं, भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी नगरपालिकेच्या इंजिनिअरने गच्चीवर जावं आणि हूक आहेत का ते बघावं. नसतील तर सही करू नये.

आम्ही काम थांबवलं. इंजिनिअरला बोलावून लिफ्टच्या खोलीचे कॉलम तपासून घेतले, दुसरा दोर आणवला. दोन दिवस गेले. "इतकी वर्षं असंच चालतंय की," असं ऐकून घ्यावं लागलं. तो पोरगाही खूश नव्हता. "काका, या दोन दिवसांची मजुरी कोण देणार?" त्याने विचारलं.

रविवारी मीटिंग आहे. पहिला विषय तोच ठेवलाय.